कुऱ्हाड, झाड आणि कल्हईवाले

'द व्हील ऑफ टाइम' या कादंबरीमालिकेत खंडाच्या शेवटी एक शब्दसूची असते. तीत तुआथान नावाच्या लोकांची चार ओळींची नोंद आहे. रंगवलेल्या गाड्यांतून फिरणारे लोक, संपूर्ण अहिंसा पाळतात, त्यांनी दुरुस्त केलेली वस्तू पुष्कळदा नव्याहून चांगली होते, तरी बरीच गावं त्यांना जवळ करत नाहीत, कारण ते पोरं पळवतात आणि तरण्यांना आपल्या पंथात ओढतात अशा कहाण्या आहेत. हे सगळं एका दमात. काम नव्याहून चांगलं, माणसं मात्र वेशीबाहेरची. परिशिष्टं सहसा कुणी वाचत नाही, पण गावाला भांडं सांधून हवं असतं आणि सांधणारा नको असतो, हे इतक्या कोरडेपणानं सांगितलेलं मला कथेतही कुठे सापडलं नाही. म्हणून प्रकरणाला सुरुवात तिथूनच.

मालिका लिहिली रॉबर्ट जॉर्डन यांनी. खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी. पहिला खंड 'द आय ऑफ द वर्ल्ड' १९९० साली आला. २००७ मध्ये लेखक गेले तेव्हा मालिका अपुरी होती. शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसन यांनी मागे राहिलेल्या टिपणांच्या आधारे पुरे केले आणि चौदावा खंड २०१३ मध्ये निघाला. जॉर्डन व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरवर गनर होते, दोन खेपा करून आलेले. शस्त्र न उचलणाऱ्या माणसांबद्दल ज्यानं लिहिलं त्यानं स्वतः शस्त्र चालवलं होतं, एवढीच गोष्ट ध्यानात ठेवू. त्यावरून लेखकाच्या मनात काय होतं याचे इमले मी बांधणार नाही.

(पुढे शेवटच्या खंडापर्यंतच्या घटना उघड केल्या आहेत. मालिका कोरी वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावं.)

मुक्काम

पेरिन हा लोहाराच्या हाताखाली काम शिकणारा पोरगा. आडदांड, सावकाश बोलणारा, कमरेला अर्धचंद्राच्या पात्याची कुऱ्हाड. गाव सोडून पळावं लागलंय, पाठीवर ट्रोलॉक नावाचे माणसं खाणारे राक्षस आहेत, सोबत गावातलीच एग्वेन. वाटेत भेटलेला एलायस हा रानोमाळ राहणारा माणूस दोघांना तुआथानांच्या तळावर नेतो. आधी गुरगुरणारी धिप्पाड कुत्री सामोरी येतात, मग रंग. गाड्यांचे रंग, कपड्यांचे रंग, एकमेकांशी मुळीच न जमणारे, डोळ्यांत खुपणारे. तळाचा म्होरक्या रेन पुढे येऊन पाहुण्यांचं स्वागत करतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो: तुम्हाला गाणं ठाऊक आहे का? एलायस ठरलेलं उत्तर देतो, नाही ठाऊक. मग आम्ही शोधत राहू, असं म्हणून रेन त्यांना शेकोटीपाशी बसवतो.

हे गाणं कुठलं, ते त्यांनाही माहीत नाही. फार पूर्वी हरवलं, सापडलं की जग पुन्हा सुरळीत होईल, एवढंच त्यांच्याकडे उरलंय.

जेवणं झाल्यावर वाद निघतो. रेन 'पानाची वाट' समजावून सांगतो: झाडाचं पान आपल्या वाट्याचे दिवस जगतं, वाऱ्याशी झगडत नाही, कुणाला इजा करत नाही, गळून पडलं की नव्या पानांना खत होतं. पेरिनला हे झेपत नाही. कुणी अंगावर आलं तर काय करणार, हा त्याचा प्रश्न. दहापैकी नऊ वाचक त्या घटकेला त्याच्याच बाजूचे असतात. रेनचं उत्तर त्या पोराच्या कमरेकडे बोट दाखवून येतं. कुऱ्हाडीनं झाड तोडलंस तर कुऱ्हाडीला काहीच झालं नाही असं तुला वाटतं. पण लाकूड कितीही मऊ असलं तरी तोडता तोडता पातं बोथट होतं, आणि झाडाचा चीक त्याला गंजवतो, खड्डे पाडतो. मारणाऱ्याचंही तसंच.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उत्तर चलाख वाटलं होतं. म्हटलं, सुभाषित झालं, पण ट्रोलॉक आला की कळेल. हा माझा उतावीळपणा होता आणि या प्रकरणात त्याची दखल घ्यावी लागेल, कारण तो माझ्या एकट्याचा नाही.

पोरं चोरण्याचा आळ

पूर्वग्रहाचा पहिला थर गावकऱ्यांचा: हे चोर आहेत, पोरं पळवतात, तरुणांना फितवतात. हा थर लेखकानं फार वेळ टिकू दिलेला नाही. दोन मुक्काम तळावर काढले की वाचकाला कळतं, इथे कुणी कुणाचं काही चोरत नाही. पण आळ आला कुठून, तेवढं पाहून पुढे जाऊ, कारण तो लेखकानं मनानं रचलेला नाही.

तुआथानांचं गावात रूढ असलेलं नाव 'टिंकर'. मराठीत त्याला सरळ शब्द आहे, कल्हईवाला. भाषांतर मात्र तिथेच फसतं. आपल्याकडे तो धंद्याचा शब्द आहे, त्यात डंख नाही. आयर्लंडमध्ये 'टिंकर' ही शिवी झालेली आहे. पत्र्याची, कथिलाची भांडी घडवत आणि सांधत गावोगाव फिरणाऱ्या ट्रॅव्हलर समाजाला ती पिढ्यान्‌पिढ्या खावी लागली. आयरिश भाषेत त्यांना 'चालणारी माणसं' अशा अर्थाचं नाव आहे, आणि 'हा वेगळा वांशिक समाज आहे' अशी मान्यता आयर्लंडच्या सरकारकडून मिळायला १ मार्च २०१७ उजाडावा लागला. 'तुआथा' हा शब्दही आयरिशच. अर्थ लोक, जमात. रंगीत गाड्यांचं चित्र मात्र युरोपातल्या भटक्या रोमा लोकांच्या फिरत्या घरांची आठवण करून देणारं. थोडक्यात, नाव एकाचं, गाडी दुसऱ्याची.

आणि अहिंसा दोघांचीही नाही. खरे ट्रॅव्हलर किंवा खरे रोमा अशा कुठल्या व्रतानं बांधलेले नाहीत. ते चारचौघांसारखे आहेत, भांडणारे, नमतं घेणारे, सगळ्या प्रकारचे. लेखकानं अहिंसेचं कलम वरून केलं. त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट होते. गावकऱ्यांचा आळ खोटा आहे हे वाचकाला पटतं, पण ते पटावं म्हणून भटक्या माणसाला आधी संत व्हावं लागतं. जो मुंगीलाही इजा करत नाही तो तुमची कोंबडी कशाला चोरेल, असा तो युक्तिवाद. साध्या, रागावणाऱ्या, प्रसंगी हात उगारणाऱ्या भटक्याला हा बचाव उपलब्ध नाही. आळ खोडून काढण्याची ही पद्धत आळाइतकीच जुनी आहे, आणि मला ती फारशी मानवत नाही.

कल्पित गावातली ही कुजबुज खऱ्या जगात किती चिवट आहे त्याचा एक दाखला. २०१३ च्या ऑक्टोबरात आयर्लंडमध्ये दोन रोमा कुटुंबांतली मुलं पोलिसांनी घरातून उचलून नेली. कारण काय, तर मुलांचा रंग आणि केस आईबापांशी जुळत नाहीत, त्यामुळे ती पळवलेली असावीत. डीएनए चाचणी झाली, मुलं त्यांचीच निघाली, परत दिली.

खरी चोरी बहुधा उलट दिशेनं झाली आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९२६ पासून १९७३ पर्यंत 'प्रो युव्हेंट्युटे' या बालकल्याण संस्थेनं येनिश या फिरस्त्या समाजाची सुमारे ६०० मुलं आईबापांपासून तोडून अनाथालयांत आणि परक्या घरांत ठेवली, भटकेपण मोडून काढायचं म्हणून. पोरं पळवणारे म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं त्यांचीच पोरं पळवली गेली. हे लक्षात ठेवा. पुढे अराम नावाच्या तुआथान पोराकडे आलो की कामाला येईल.

दुसरा पूर्वग्रह

गावकऱ्यांचा थर खरवडला की खाली दुसरा लागतो. तो जास्त सभ्य आहे, म्हणून जास्त टिकतो. त्यात चोरीचा आळ नाही, कीव आहे. चांगली माणसं बिचारी, पण भाबडी. दुसरा कुणीतरी तलवार घेऊन राखण करतोय म्हणून यांची अहिंसा चालते. हा थर पेरिनच्या मनात आहे, इतर नायकांच्या मनात आहे, आणि वाचकांच्या बोलण्यात तर तो ठासून भरलेला असतो. मालिकेवर मनापासून प्रेम करणारे लोकही तुआथानांचा विषय निघाला की वैतागतात. 'फुकटे' हा शब्द मी एकाहून अधिक तोंडांतून ऐकला आहे.

हे वैतागणं निव्वळ वाचकांच्या माथी मारता येणार नाही. कथेचे फासेच तसे पाडलेले आहेत. ट्रोलॉक म्हणजे माणूस आणि जनावर यांच्या मिश्रणातून मुद्दाम पैदा केलेली फौज. माणसं खाते, तिच्याशी बोलणी नाहीत, तिला लाज नाही, उद्या ती सुधारेल अशी आशाही नाही. अहिंसेचा सगळा डाव समोरच्याच्या मनात कुठेतरी काहीतरी हलेल यावर असतो. ज्याच्यात हलण्यासारखं काही ठेवलेलंच नाही असा शत्रू ज्या लेखकानं घडवला त्यानं रेन आणि पेरिन शेकोटीपाशी बसायच्या आधीच वादाचा निकाल लावून ठेवला. मग दोघांना समोरासमोर बसवून दोन्ही बाजू ऐकवणं म्हणजे पंचानंच एका गड्याचे पाय बांधून कुस्ती लावणं.

युद्धकथेत हे घडणारच, असं म्हणता येईल. मीही बराच काळ तेच म्हणत होतो. पण मालिका बारकाईनं पाहिली तर लेखकानं स्वतःच्याच फाशांविरुद्ध बराच पुरावा पेरलेला दिसतो. तो सहज दिसत नाही, कारण तो तुआथानांच्या तोंडी नाही.

पहिला पुरावा तळ सोडल्यावर फार वेळ न जाता मिळतो. पेरिन पहिल्यांदा माणसं मारतो ती ट्रोलॉकांशी लढताना नाही. पांढऱ्या झग्यातले धर्मवेडे सैनिक, 'व्हाइटक्लोक', त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या सोबतीच्या लांडग्याला मारतात, आणि तो कुऱ्हाड घेऊन तुटून पडतो. दोन माणसं मरतात. कुणीही म्हणेल, बरोबर केलं. पण ती दोन माणसं पुढच्या सगळ्या मालिकेत त्याच्या मागे येत राहतात. २०१० साली आलेल्या तेराव्या खंडात त्या दोन मृत्यूंबद्दल त्याच्यावर रीतसर खटला चालतो. वीस वर्षं आणि हजारो पानं. झाडाचा चीक म्हणतात तो हाच असावा.

काचेचे खांब

दुसरा पुरावा चौथ्या खंडात आहे, 'द शॅडो रायझिंग', १९९२. माझ्या मते सगळ्या मालिकेतला तो सर्वात ताकदीचा भाग, आणि तुआथानांचा खटला खरं तर तिथे चालतो, ते स्वतः हजर नसताना.

कथेचा मुख्य नायक रँड वाळवंटातल्या रुइडियन नावाच्या शहरात काचेच्या खांबांच्या रांगांमधून चालत जातो. एकेक पाऊल टाकताना तो आपल्या पूर्वजांच्या डोळ्यांतून पाहतो, जवळच्या पिढीपासून मागे मागे. त्याचे पूर्वज आयील, म्हणजे त्या जगातली सर्वात कडवी लढाऊ जमात. ठार मारण्यापूर्वी तोंडावर फडकं ओढून घेतात, तलवारीला हात लावत नाहीत, भाल्यावर जगतात. परक्यानं त्यांच्या वाळवंटात पाऊल टाकलं तर जिवंत परतणं कठीण. सूट फक्त फेरीवाल्यांना, शाहिरांना आणि तुआथानांना. त्यातही तुआथानांपासून आयील चार हात दूर राहतात, त्यांची सावलीही टाळतात. का, ते बहुतेक आयीलनाही ठाऊक नसतं.

रँड मागे जात राहतो तेव्हा कारण उलगडतं. आयील पूर्वी शस्त्र धरत नव्हते. सुवर्णयुगात ते पानाच्या वाटेनं चालणारे सेवक होते. जग मोडलं तेव्हा त्यांच्यावर मौल्यवान वस्तूंनी भरलेल्या गाड्या सोपवल्या गेल्या, आणि ते सुरक्षित जागा शोधत फिरत राहिले. पिढ्या गेल्या, लूट झाली, बायका पळवल्या गेल्या, माणसं भुकेनं मेली. मग फाटाफूट झाली. काहींनी सोपवलेल्या वस्तू उतरवून गाड्या घेतल्या आणि हरवलेलं गाणं शोधायला निघून गेले, ते तुआथान. काही मागे राहिले आणि एके दिवशी त्यांच्यातल्या पोरांनी पळवलेल्या मुलींना सोडवताना माणसं मारली. ते पुढे आयील झाले.

त्या पोरांपैकी लेविन परत येतो तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. बहीण सोडवून आणली आहे, पोराला वाटतंय घरचे जवळ घेतील. आई त्याच्याकडे बघतही नाही. धुळीसाठी तोंडावर बांधायचं फडकं तोंडावरच ठेव, म्हणते. असल्या चेहऱ्याचा मुलगा मला होता, तो चेहरा मला खुन्याच्या अंगावर बघायचा नाही. सगळ्या जगाला धडकी भरवणारा आयीलांचा बुरखा असा आला. एका आईनं तोंड लपवायला सांगितलं म्हणून.

इथे लेखक पानाच्या वाटेवरच्यांना संत करत नाही, हे बघण्यासारखं आहे. ती आई क्रूर आहे. भावानं ओढून आणलेली मुलगी जिवंत समोर उभी आहे आणि तिला मुलगा मेल्यासारखा आहे. व्रताला ही किंमत असते, आणि ती नेहमी व्रत घेणाराच चुकवतो असं नाही. तुआथानांबद्दलच्या सगळ्या सहानुभूतीत मला हा खडा बोचत राहतो आणि तो काढून टाकावासाही वाटत नाही.

याच आठवणींमध्ये आणखी मागे एक गोष्ट येते, आणि 'फुकटे' या आरोपाला पुस्तकानं दिलेलं उत्तर तिच्यात आहे. त्झोरा नावाचं महानगर. वेड लागलेला, अफाट शक्तीचा एक पुरुष त्या शहरावर चालून येतो. दहा हजार आयील हातात हात गुंफून त्याच्यासमोर उभे राहतात आणि गातात, तो पूर्वी कोण होता ते त्याला आठवावं म्हणून. तो एकेकाला मारत जातो. ते गात राहतात. शेवटच्या माणसाचं गाणं तो जवळपास तासभर ऐकतो, मग त्यालाही मारतो, मग शहर जळतं आणि दगडाची काच होते. ही हकिगत सांगणारी दुःखानं मोडलेली आहे. तिच्या लेखी सगळं वाया गेलं. तिला उत्तर देणारा आयील एवढंच म्हणतो की लोकांना पळून जायला वेळ मिळाला.

म्हणजे राखण त्यांनी केली होती. शस्त्राशिवाय, दहा हजार देह देऊन. गावोगावच्या लोकांचे पूर्वज वाचले त्यात अशा माणसांचा वाटा होता, आणि त्याच गावांत आज त्यांच्या वंशजांच्या गाड्या दिसल्या की आया पोरांना घरात ओढतात.

सगळ्यात वाईट भाग असा की रेनला हे माहीत नाही. त्याच्याकडे पानाची उपमा आहे, स्वागताचे ठरलेले शब्द आहेत, हरवलेल्या गाण्याची ओढ आहे, पण त्झोराची आठवण नाही. पेरिननं प्रश्न विचारला तेव्हा त्याच्या हाताशी हा दाखला असता तर ती संध्याकाळ वेगळी गेली असती. रँडला ते पुढे कळतं, वाचकालाही कळतं. ज्यांचा तो वारसा त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही. एखाद्या समाजाबद्दल पूर्वग्रह टिकवायला खोटं बोलावंच लागतं असं नाही. त्यांच्याकडून त्यांची कहाणी गळाली की पुरतं.

'हरवलेले' हा शब्दही बघा कसा फिरतो. आयील तुआथानांना हरवलेले म्हणतात. तुआथान पानाची वाट सोडणाऱ्याला हरवलेला म्हणतात. एकाच गाडीतळावरून निघालेले दोन फाटे, तीन हजार वर्षांनी एकमेकांना तीच शिवी देत आहेत.

हिशेब

आता एक साधा हिशेब. भटके अहिंसक टिकू शकत नाहीत, हा पेरिनचा आक्षेप घटकाभर खरा धरू. पेरिनचं गाव मानेथेरेन नावाच्या प्राचीन राज्याच्या जागेवर वसलेलं आहे. मानेथेरेन शूरांचं राज्य, त्याच्या शौर्याची गाथा पहिल्याच खंडात गावकऱ्यांना ऐकवली जाते आणि ऐकताना अंगावर काटा येतो. ते ट्रोलॉकांशी लढता लढता समूळ नष्ट झालं. त्याच्यासोबतची राज्यं गेली, पुढे एक चक्रवर्ती साम्राज्य आलं आणि गेलं, त्यातून फुटलेल्या राज्यांपैकीही कित्येक बुडाली. आणि या सगळ्या काळात रंगीत गाड्या चालत राहिल्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणून हिणवा हवं तर, पण ते बिऱ्हाड तीन हजारांहून जास्त वर्षं मोडलेलं नाही. शेकोटीपाशी टिकण्याची अक्कल सांगत बसलेला पोरगा बुडालेल्या राज्याचा वंशज आहे, आणि ज्याला तो सांगतोय त्याचे लोक अजून आहेत. हे कथेत कुणी मोठ्यानं म्हणत नाही. मला वाटतं म्हणायला हवं होतं.

यावर कुणी म्हणेल, टिकले ते पळत राहिल्यामुळे. हो, पळत राहिल्यामुळे. गाडी त्यासाठीच असते.

अराम

रेन आणि त्याची बायको इला यांचा नातू अराम. पहिल्या खंडात तो देखणा, चटपटीत, एग्वेनबरोबर नाचणारा, तिला इथेच राहा म्हणणारा. गावकऱ्यांच्या आळातला 'तरुणांना फितवतात' हा भाग लेखकानं त्याच्याकडून थोडासा खरा करून दाखवला आहे, आणि त्यात गंमत एवढीच की फितवणं म्हणजे तरुण मुलानं आवडलेल्या मुलीला थांब म्हणणं. एग्वेन थांबत नाही.

चौथ्या खंडात तो पुन्हा भेटतो. ट्रोलॉकांनी तांड्याची कत्तल केली आहे, उरलेले पेरिनच्या गावात आसऱ्याला आले आहेत, जवळची माणसं गेली आहेत. आणि अराम तलवार उचलतो. माणसाला स्वतःला वाचवायचा हक्क आहे, असं पेरिन म्हणतो, आणि त्याला शिकवायची व्यवस्था होते. आजी-आजोबांच्या दृष्टीनं तो त्या क्षणी हरवला.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. एकजण तरी शहाणा निघाला, असं वाटलं. नंतरच्या खंडांत त्याच्याकडे नीट पाहत गेलो तसा तो टाळ्यांचा आवाज कानात अवघडून बसला. अराम लढवय्या होतो पण गावकरी होत नाही. अंगात कल्हईवाल्यांचा भडक पट्ट्यांचा कोट तसाच, पाठीवर तलवार. तळावर परत जाता येत नाही आणि गाव त्याला आपला म्हणत नाही. त्याच्याकडे उरतो एकटा पेरिन, आणि तो पेरिनच्या मागे सावलीसारखा राहतो, कुणी पेरिनकडे वाकड्या नजरेनं पाहिलं तर तलवारीला हात घालतो. पानाची वाट सोडली, पण संपूर्ण शरण जाण्याची सवय सुटली नाही; फक्त ती पानाकडून माणसाकडे वळली. पुढे स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्या मसेमाच्या नादी तो लागतो. पेरिनचे पिवळे डोळे सैतानाची खूण आहेत, असं मसेमा त्याच्या मनात भरवतो. २००५ च्या 'नाइफ ऑफ ड्रीम्स'मध्ये मालडेनच्या लढाईत अराम पेरिनवरच वार करायला धावतो आणि शत्रूचे बाण लागून पडतो.

गावकऱ्यांचा आळ होता की कल्हईवाले आमची पोरं नेतात. चौदा खंडांत गावाचं एकही पोर कल्हईवाल्यांनी नेलेलं दिसत नाही. गेलेलं एकच पोर मोठ्या तपशिलात दिसतं, ते कल्हईवाल्यांचं, आणि त्याला नेलं गावानं. कुणी दुष्टपणानं नेलं नाही. पेरिननं तर मायेनंच परवानगी दिली. त्याला फक्त असं वाटलं की तलवार दिली म्हणजे झालं, माणूस पुरा झाला. त्या तलवारीआधी त्या पोराकडे काय होतं आणि ते गेल्यावर त्या जागी काय येणार, हा प्रश्न त्याला पडला नाही. शूरांच्या मनातला पूर्वग्रह मला तरी याहून स्पष्ट कुठे दिसलेला नाही.

लेखकाला हे कळत होतं का? मला वाटतं होतं. कारण 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट' (२००३) मध्ये पेरिनची कुऱ्हाड आहे. बायकोला शत्रूनं पळवलं आहे, कैद्याकडून माहिती काढायची आहे, आणि पेरिन कुऱ्हाडीनं कैद्याचा हात तोडतो. मग तो ती कुऱ्हाड भिरकावून देतो आणि पुन्हा घेत नाही. इथे वाचकांना एलायसचा सल्ला आठवतो: जोवर तिचा तिटकारा वाटतोय तोवर वापर, वाटेनासा झाला की फेकून दे आणि उलट दिशेनं पळ. सल्ला उत्तम आहे, तो एका लढवय्यानं दिला आहे, म्हणून तो लक्षात राहतो. पण गंजाबद्दल, खड्ड्यांबद्दल बोलला होता तो रेन, त्याच प्रवासात, शेकोटीपाशी.

लेखकाला एक हिशेब मात्र चुकता करता आला नाही. इतक्या खंडांत तुआथानांमधली नावानिशी लक्षात राहणारी माणसं जेमतेम तीन: रेन, इला, अराम. त्यांच्यात वाद घालणारा कुणी नाही, पानाच्या वाटेचा वेगळा अर्थ लावणारा कुणी नाही, नुसतीच चांगली कल्हई करणारी आणि बाकी कशात रस नसलेली एखादी म्हातारीही नाही. नायकांच्या मनाची परीक्षा घ्यायला ते येतात आणि परीक्षा झाली की गाड्या पुढे जातात. ज्यांची कामाची तारीफ शब्दसूचीत आहे त्यांना काम करताना मी कथेत जवळजवळ पाहिलंच नाही. एखाद्या प्रसंगात रेन फुटकं भांडं मांडीवर घेऊन बोलत असता तर शेकोटीजवळचा तो सगळा वाद जमिनीवर आला असता.

शेवटच्या खंडात महायुद्धाच्या मैदानावर ते काम करताना दिसतात. लढाई एकीकडे सरकली की मागे पडलेल्या ढिगांतून कोण अजून श्वास घेतंय ते बघत रेन आणि इला फिरतात, प्रेतं बाजूला सारतात, जिवंत असेल त्याला उचलून नेतात. इला तिथे अरामचा विचार करते, आणि हत्यार उचलणाऱ्यांबद्दल तिच्या मनात इतकी वर्षं धरून ठेवलेला कडकपणा थोडा सैल होतो. मग कुणीतरी कण्हतं आणि दोघं तिकडे वळतात.